तियाऊ नदीच्या अलीकडे पडलेला बॉम्ब

खाडीकिनारा (ठाणे)

युक्रेन आणि गाझा यांच्यावर इथे धाग्यांमागून धागे निघाले, शंभर-शंभर प्रतिसाद आले, काही धाग्यांना कुलपंही लागली. आपल्या सीमेला १६४३ किलोमीटर चिकटून असलेल्या म्यानमारमध्ये (जुना बर्मा) २०२१ पासून यादवी चालू आहे, तिच्यावर मात्र शोधूनही धागा सापडला नाही. म्हणून हा काढतोय.

पार्श्वभूमी थोडक्यात, ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडा. १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारचे सेनाप्रमुख मिन आंग हलाईंग यांनी निवडून आलेलं सरकार उलथवलं, आंग सान सू ची यांना अटक झाली. निदर्शकांवर गोळ्या झाडल्या गेल्यावर शहरातली कॉलेजची पोरं जंगलात गेली. तिथे करेन, कचिन, चिन (चीन देश नव्हे, मिझोंच्या नात्यातली जमात), राखाईन अशा जमातींचे सशस्त्र गट आधीपासून लढतच होते. त्यांनी या पोरांना बंदूक धरायला शिकवलं. २७ ऑक्टोबर २०२३ ला तीन गटांनी मिळून चीनच्या सीमेजवळ मोठा हल्ला चढवला, आणि लष्कराची ठाणी एकामागून एक पडायला लागली.

मला बोलायचंय ते या लढाईतून जे सांडून आपल्याकडे येतं त्याबद्दल. जानेवारी २०२३ मध्ये म्यानमारच्या हवाई दलाने चिन नॅशनल फ्रंट या बंडखोर गटाच्या 'कॅम्प व्हिक्टोरिया' या मुख्यालयावर बॉम्ब टाकले. हे ठिकाण तियाऊ नदीच्या अगदी काठाला आहे आणि नदीच्या अलीकडे मिझोरामचा चांफाई जिल्हा. एक बॉम्ब नदीपात्रात भारताच्या बाजूला पडला, वाळू भरायला आलेल्या एका ट्रकचं नुकसान झालं. आपल्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर चार ओळी.

नोव्हेंबर २०२३ मध्ये चिन बंडखोरांनी नदीपलीकडचं रिखावदार गाव घेतलं. हजारो गावकरी पूल ओलांडून आपल्या झोखावथारमध्ये आले. त्यांच्या पाठोपाठ कोण आलं असेल? हरलेल्या ठाण्यातले म्यानमारचे सैनिक, चाळीसच्या आसपास. त्यांना हेलिकॉप्टरने मणिपुरातल्या मोरेला नेऊन सीमेपलीकडे सोपवलं. जानेवारी २०२४ मध्ये अराकान आर्मीकडून (राखाईनचा सशस्त्र गट) मार खाल्लेले आणखी २७६ सैनिक लॉन्गत्लाई जिल्ह्यात बांडुकबांगा या गावी आले, शस्त्रांसकट. त्यांतल्या उरलेल्यांना न्यायला म्यानमारचं लष्करी विमान २३ जानेवारीला आयझॉलजवळच्या लेंगपुई विमानतळावर उतरताना धावपट्टीवरून घसरलं आणि मोडलं. डोंगर छाटून केलेली धावपट्टी आहे ती, तोल गेला तर थेट उतारावर. माणसं वाचली, काही जखमी झाली.

आता माझा मुद्दा. बंदूक घेऊन जो आला त्याला आपण औषधपाणी केलं, जेवू घातलं आणि विमानाने परत पाठवायची सोय केली. पोरं काखोटीला मारून जे आले त्यांच्याबद्दल गृहमंत्रालयाचं १० मार्च २०२१ चं पत्र आहे: त्यांना आत येऊ देऊ नका, निर्वासितांचा दर्जा द्यायचा अधिकार राज्यांना नाही. मिझोरामने ते पत्र बाजूला ठेवलं आणि तीस हजारांहून जास्त लोकांना राहू दिलं. मिझोरामची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ११ लाखही भरली नव्हती. ठाणे महापालिकेची त्याच वेळी १८ लाखांच्या वर होती. आता हिशेब करा.

---

घोडबंदर_ट्रॅफिक

पहिला नंबर. सविस्तर प्रतिसाद गायमुखला अडकलो की लिहितो, म्हणजे आजच.

---

सीमारेषा

माहितीपूर्ण धागा, पण निष्कर्ष एकतर्फी. सैनिक हे दुसऱ्या देशाच्या सरकारची माणसं आहेत. ते सरकार आपल्याला आवडो न आवडो, राजधानी नेपिडोमध्ये खुर्चीवर तेच बसलंय. उल्फा, मणिपूरचे मैतेई गट, नागा गट या आपल्याकडच्या बंडखोरांचे तळ म्यानमारच्या सगाईंग भागातल्या जंगलात आहेत. त्यांच्यावर कारवाई हवी असेल तर तिथल्या लष्कराशी संबंध ठेवावेच लागतात. सैनिक परत देणं ही त्याची किंमत आहे.

दुसरं, तीस हजार आकडा सांगताना त्यांच्यासोबत काय येतं तेही सांगा. चांफाई मार्गे हेरॉइन येतं, मेथॅम्फेटामिनच्या नशेच्या गोळ्या येतात, बर्मी सुपारी येते. मिझोराम पोलीस आणि आसाम रायफल्स जवळजवळ दर आठवड्याला माल पकडतात. ८ फेब्रुवारी २०२४ ला केंद्राने सीमेवरचा मुक्त संचार बंद करायचं जाहीर केलं ते काही उगाच नाही.

---

शुभा_वाशी

वाशी स्टेशनच्या बाजूला वेगवेगळ्या राज्यांची भवनं आहेत, त्यात मिझोराम हाऊसही आहे. माझा डब्यांचा व्यवसाय त्याच भागात. टाटाला, कधी खारघरला उपचारांसाठी आलेली मंडळी महिनोन्‌महिने इथे राहतात आणि आमचं जेवण त्यांना अजिबात झेपत नाही. फोडणी नको, हळद नको, तेल नको. नुसती उकडलेली पालेभाजी, भात आणि बाजूला कुटलेली मिरची. त्याला ते 'बाई' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हाक मारली असं वाटलं.

त्यांच्यातली एक चांफाईची शिक्षिका माझ्याकडे येऊन बसायची. तिच्या आईचं माहेर नदीपलीकडचं. तिने फोनवर व्हिडिओ दाखवला होता. निळ्या ताडपत्रीखाली बांबूच्या बाकांवर मुलं बसलेली, मागे फळ्यावर इंग्रजी आणि मिझो अक्षरं, आणि पाऊस एवढा की तिचा आवाज ऐकूच येत नव्हता. मी विचारलं, सरकार किती पैसे देतं? ती हसली. म्हणाली, चर्च आहे, यंग मिझो असोसिएशन आहे, आणि तांदूळ आहे.

तांदळाचं नंतर कळलं. मिझो घरांत भात लावायच्या आधी मूठभर तांदूळ चर्चसाठी वेगळ्या भांड्यात काढून ठेवायची रीत आहे, शंभर वर्षांपासूनची. ज्यांना रोज मूठ काढायची सवय आहे त्यांना 'बाहेरून आलेल्यांचा भार' ही भाषाच परकी असणार. सीमारेषा, तुमचा हेरॉइनचा मुद्दा खरा आहे, पण ते बांबूच्या बाकावरची पोरं घेऊन येत नाहीत.

---

जुनं_टपाल

मी सत्तरी पार केलेला, डोंबिवलीत राहतो, म्हणजे ठाणे जिल्ह्यातच मोडतो असं धरून लिहितो.

शेजारची यादवी आपल्या अंगावर आली ती १९७१ ला, आणि तेव्हा तिचा कर अख्ख्या देशाने भरला होता. पूर्व पाकिस्तानातून जवळजवळ एक कोटी माणूस आला. नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर ५ पैशांचं जादा तिकीट सक्तीचं झालं.  नवीन तिकीट छापून यायला वेळ लागणार होता म्हणून कुटुंब नियोजनाच्या ५ पैशांच्या तिकिटावरच 'रिफ्यूजी रिलीफ' असं छापून ते विकायला काढलं. लाल त्रिकोणाचं कुटुंब आणि त्यावर निर्वासितांचा शिक्का! नंतर वेगळं तिकीट आलं, त्यावर पळणाऱ्या माणसांचं चित्र होतं. माझ्या वडिलांच्या पत्रव्यवहारात दोन्ही प्रकार आहेत.

लोक कुरकुरले का? कुरकुरले. पण तिकीट लावलं.

अवांतर: उल्हासनगर आपल्या डोळ्यांसमोर आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आणून ठेवले, कल्याण कॅम्प म्हणत. १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं. आजही रिक्षावाला 'कॅम्प नंबर चार' असंच विचारतो.

---

पाटलाचा_पोर

काका, १९७१ ची तुलना इथे चालत नाही. तेव्हा नऊ महिन्यांत युद्ध करून प्रश्न संपवला आणि बहुतेक लोक परत गेले. म्यानमारमध्ये आपण सैन्य पाठवणार आहोत का? नाही. मग हे लोक परत कधी जाणार?

---

खाडीकिनारा

पाटील, प्रश्न रास्त. पण 'परत' हा एकतर्फी रस्ता कधीच नव्हता. ५ मार्च १९६६ ला मिझो बंडाच्या वेळी आपल्याच हवाई दलाने आयझॉलवर विमानांतून मारा केला. तेव्हा मिझो कुटुंबं तियाऊ ओलांडून पलीकडे गेली होती आणि चिन गावांनी त्यांना सांभाळलं. मुख्यमंत्री म्हणून १८ मार्च २०२१ ला पंतप्रधानांना पत्र लिहून आश्रयाची मागणी करणारे झोरामथंगा हे स्वतः त्या बंडातले. जंगलात काढलेली वर्षं त्यांच्या पत्रात उतरली असणारच. डिसेंबर २०२३ मध्ये सरकार बदललं, लालदुहोमा आले. ते माजी आयपीएस अधिकारी, तरी धोरण तेच राहिलं. विधानसभेने कुंपणाविरुद्ध ठराव केला तो त्यांच्याच काळात.

आणि एक गंमत. मिझो लोक म्हणतात की मिझोरामचं सगळ्यात मोठं तळं बर्मात आहे. रिह दिल, झोखावथारचा पूल ओलांडला की थोड्याच अंतरावर. मेलेल्या माणसाचा आत्मा त्या तळ्यावरून पुढे जातो अशी जुनी समजूत. कुंपण घातलं तर आत्म्यांनाही पास लागेल. (२०२४ अखेरपासून दोन्हीकडच्या १० किलोमीटर पट्ट्यातल्या लोकांना पास लागतोच. आधी १६ किलोमीटरपर्यंत मुक्त संचार होता.)

---

सीमारेषा

आत्मे राहू द्या, जिवंत माणसांचं बोला. मिझोरामला चालतं कारण ते नातेवाईक आहेत. मणिपुरात तेच चिन आले की मैतेई समाज म्हणतो आमचा तोल बिघडतो. मे २०२३ पासून तिथे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. एकाच सीमेवर दोन राज्यांत दोन उत्तरं असतील तर केंद्राने काय करायचं?

---

अनामिक_हेर

मणिपूरचं सगळं खापर सीमेपलीकडून आलेल्यांवर फोडणं हा सोयीचा मार्ग आहे. जमीन, आरक्षण, राखीव वनं, सगळं तिथलंच आहे. पलीकडच्या यादवीने शस्त्रं स्वस्त केली आणि माणसं वाढवली, एवढं नक्की.

मे २०२५ मध्ये चंदेल जिल्ह्यात आसाम रायफल्सने दहा जणांना मारलं. आपलं लष्कर म्हणालं सशस्त्र घुसखोर, म्यानमारचं बंडखोर सरकार म्हणालं ती सीमेपलीकडच्या तामूची आमची पोरं. सांडलेल्या लढाईत असंच होतं, कोण कुणाचा ते मेल्यावर ठरतं.

---

दाणाबंदर

मी तूर-उडीदवाला. एपीएमसीत दाणा बंदरला बसतो, त्यामुळे म्यानमार मला नकाशावर नाही, नमुन्याच्या पुडीत दिसतो.

आपण तीन वेळा जेवणार, त्यात इडली, डोसा, पापड, मेदूवडा यांचा उडीद मोठ्या प्रमाणावर बर्माचा. 'बर्मा एफएक्यू' आणि 'एसक्यू' हे मालाच्या दर्जाचे दोन शब्द इथल्या हमालालाही ठाऊक. तुरीत 'लेमन' म्हणतात ती बर्माचीच. २०२१ मध्ये दोन्ही सरकारांत करार झाला: वर्षाला अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर, पाच वर्षं. सरकार उलथलं तरी करार झाला, हे लक्षात घ्या. डाळीला लोकशाही लागत नाही.

आता बारकावा. उडीद मुख्यतः बागो आणि इरावतीच्या खोऱ्यातला, तिथे लढाई तुलनेने कमी. तूर होते मगवे, सगाईंग, मंडालेच्या कोरड्या पट्ट्यात, आणि तिथे गावंच्या गावं जाळलीत. रंगूनपर्यंत ट्रक आणायचा तर वाटेत किती नाकी, त्यातली किती लष्कराची आणि किती दुसऱ्यांची, प्रत्येकाची पावती वेगळी. त्यात तिथलं सरकार निर्यातदाराला सांगतं की डॉलरचा काही भाग आमच्या दराने मोडा. त्यांचा दर डॉलरला २१०० क्याट (तिथलं चलन), बाजारात त्याच्या दुपटीकडे. कोण वेडा माल सोडेल? गोदामात दाबून बसतात, आणि इथे आमच्याकडे 'मंदीत घ्या, तेजीत घ्या' चालू होतं.

जानेवारी २०२४ पासून रुपया-क्याटमध्ये थेट व्यवहाराची सोय पंजाब नॅशनल बँकेमार्फत झाली. कागदावर छान आहे. बाजार अजून डॉलरमध्येच बोलतो.

धागालेखकांना: सांडतं ते फक्त सीमेलगत नसतं. उल्हासनगरच्या पापडवालीलाही ते लागतं.

---

घोडबंदर_ट्रॅफिक

गायमुख. वचन पाळतोय.

दाणाबंदर यांचा प्रतिसाद धाग्यातला सगळ्यात भारी. म्हणजे सौ. 'उडीद परत वाढला' म्हणून चिडते त्यामागे मिन आंग हलाईंग आहे तर. घरी सांगून बघतो, बिल कमी होतंय का.

---

कोपरखैरणेकर

मी वेगळ्या सांडण्याबद्दल लिहितो.

आमच्या शेजारच्या इमारतीतला एक मुलगा, बीकॉम झालेला, टेलिग्रामवर आलेल्या जाहिरातीवरून बँकॉकला 'डेटा एंट्री'च्या नोकरीला गेला. दलालाने विमानाचं तिकीट काढून दिलं, वर पगार डॉलरमध्ये सांगितला. बँकॉकहून गाडीने थायलंडच्या सीमेवरच्या मे सोत गावाला नेलं, रात्री होडीने सीमेवरची मोई नदी ओलांडली, आणि सकाळी तो म्यानमारमध्ये म्यावाडीजवळच्या एका कंपाउंडमध्ये होता. पासपोर्ट काढून घेतला. काम काय तर दिवसाचे पंधरा-सोळा तास अमेरिकेतल्या आणि आपल्याकडच्या लोकांना खोट्या प्रोफाइलवरून गुंतवणुकीच्या नादी लावायचं. टार्गेट चुकलं की उन्हात उठाबशा, शॉकही. घरच्यांना फोन आला तो 'पैसे भरा, सोडतो' असा.

ही कंपाउंडं तिथे का फोफावली? तो भाग सरकारचाही नाही आणि सरकारविरोधीही नाही. लष्कराशी जुळवून घेतलेल्या करेन टोळीचा सीमारक्षक दल म्हणून अंमल आहे, आणि ती टोळी चिनी गुंडांना जागा भाड्याने देते. यादवीत असे मधले पट्टे तयार होतात.

मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या दोन विमानांतून मे सोतहून आधी २८३ आणि मग २६६ भारतीय परत आणले. तो त्यात होता. महापेला महाराष्ट्र सायबरचं कार्यालय आहे, तिथे त्याचा जबाब झाला. आता घरी असतो, अनोळखी नंबर उचलत नाही. त्याच्या आईला अजून कळत नाही की पोराला पीडित म्हणायचं की आरोपी. पोलिसांनाही नीट कळत नव्हतं, असं तो म्हणतो.

---

पाटलाचा_पोर

बाप रे. हे वाचून 'तुमच्या मुलाला पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले' वाले फोन आठवले. त्यातले काही तिथूनच येत असणार.

---

अनामिक_हेर

इतर शेजाऱ्यांचं बघा, मग आपलं धोरण कुठे बसतं ते कळेल.

बांगलादेश: ५ फेब्रुवारी २०२४ ला बांदरबनमध्ये घुमधुमजवळ म्यानमारकडून आलेला तोफगोळा एका घराच्या स्वयंपाकघरात फुटला, एक बांगलादेशी बाई आणि तिथे मजुरीला आलेला एक रोहिंग्या असे दोघे गेले. त्याच दिवसांत पळून आलेल्या ३३० म्यानमारी सीमारक्षक आणि सैनिकांना १५ फेब्रुवारीला जहाजाने परत दिलं. २०१७ पासून सात लाखांवर रोहिंग्या तिथे आलेत ते मात्र कॉक्स बाजारच्या टेकड्यांवर अडकले आहेत. म्हणजे खाडीकिनारा म्हणतात तोच नमुना: वर्दीवाल्याला जहाज, बाकीच्यांना ताडपत्री.

चीन: मार्च २०१५ मध्ये म्यानमारच्या कोकांग भागातल्या लढाईत म्यानमारच्या विमानाचा बॉम्ब चीनच्या युनान प्रांतात उसाच्या शेतात पडला, पाच शेतकरी मेले. चीनने सीमेवर लढाऊ विमानं उडवली, म्यानमारला माफी मागायला लावली, नुकसानभरपाई घेतली.

थायलंड: एप्रिल २०२४ मध्ये म्यावाडी पडलं तेव्हा पळालेले सैनिक थायलंडला जोडणाऱ्या मैत्री पुलाखाली दबा धरून बसले होते. थाई लष्कराने पूल राखला, लोकांना तात्पुरतं आत घेतलं, आणि लढाई थांबली की बहुतेकांना परत लावून दिलं.

---

सीमारेषा

चीनचं उदाहरण दिल्याबद्दल आभार. जानेवारी २०२३ मध्ये आपण जेट उडवली का? परराष्ट्र मंत्रालयाने म्यानमारकडे विषय काढला आणि संपलं. सौम्यपणा दोन्ही बाजूंना दाखवून चालत नाही. लष्कराला जाब विचारायचा नाही आणि निर्वासितांना अडवायचं नाही, याला धोरण म्हणत नाहीत.

---

खाडीकिनारा

इथे मी तुमच्याशी सहमत आहे, नोंद घ्या. आपण १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. आधी १९४६ चा परकीय नागरिक कायदा होता, २०२५ मध्ये नवा आला, पण त्यातही पळून आलेला आणि चोरून आलेला यांच्यासाठी वेगवेगळे रकाने नाहीत. म्हणून सगळं त्या त्या वेळच्या कलेक्टरच्या मनावर. मार्च २०२१ मध्ये म्यानमारमधल्या फालामच्या उपायुक्तांनी चांफाईच्या उपायुक्तांना पत्र पाठवलं होतं, 'मैत्रीचे संबंध राखण्यासाठी' आमचे आठ पोलीस परत द्या म्हणून. हे आठ जण निदर्शकांवर गोळी झाडायला नको म्हणून पळालेले. हुकूम पाळून हरलेल्या सैनिकाला परतीचं विमान मिळतं. हुकूम न पाळलेल्या पोलिसाचं काय करायचं याचं उत्तर कुठल्याच फाइलमध्ये नाही.

---

शुभा_वाशी

आणि बंडखोरही संत नव्हेत, हेही लिहा कुणीतरी. त्या शिक्षिकेने जुलै २०२५ मध्ये मेसेज केला की पुन्हा तीन-चार हजार लोक झोखावथारला आलेत. मला वाटलं लष्कराने बॉम्ब टाकले. तर नाही, दोन चिन गटच एकमेकांत भिडले होते, रिखावदारच्या व्यापारी रस्त्यावर ताबा कुणाचा यावरून. तिच्या गावात दोन्ही गटांचे नातेवाईक एकाच चर्चच्या सभागृहात झोपले होते. शेवटी मिझोरामच्या संघटनांनी मध्ये पडून बोलणी घडवली.

---

दाणाबंदर

रस्ता म्हणजे पैसा, त्यामुळे आश्चर्य नाही. आमच्याकडे वजनकाट्याच्या जागेवरून दोन गाळेवाल्यांत बोलणं बंद आहे, इथे तर सीमेवरचा नाका.

रस्त्यावरून आठवलं, कलादान प्रकल्पाचं काय झालं? कोलकात्याहून जहाजाने म्यानमारचं सितवे बंदर, तिथून नदीने पलेटवा, तिथून रस्त्याने मिझोराम. २००८ पासून ऐकतोय.

---

खाडीकिनारा

सितवे बंदर मे २०२३ मध्ये सुरू झालं. पलेटवा जानेवारी २०२४ मध्ये अराकान आर्मीने घेतलं. पलेटवा ते मिझोराम सीमेवरचं झोरिनपुई हा १०९ किलोमीटरचा रस्ता अर्धवट. बंदर लष्कराकडे, नदी आणि रस्ता बंडखोरांकडे. म्हणून सीमारेषा यांना विचारतो: तुम्ही म्हणालात की खुर्चीवर जो आहे त्याच्याशी संबंध ठेवावे लागतात. आपल्या सीमेला लागून आता खुर्चीवर कोण आहे? रिखावदारला चिन गट, पलेटवाला अराकान आर्मी. नेपिडोचा शिक्का तिथे चालत नाही.

मिझोरामचे राज्यसभा खासदार के. वनलालवेना फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस स्वतः सीमा ओलांडून गेले आणि अराकान आर्मीच्या लोकांशी याच रस्त्याबद्दल बोलून आले.

---

सीमारेषा

वनलालवेनांचं माहीत होतं, आणि मला त्यात गैर वाटलं नाही. रस्ता हवा असेल तर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याशी बोला, मी कुठे नको म्हटलं? पण मग उद्या अराकान आर्मी हरली तर तिचे लोक बांडुकबांगाला येतील, शस्त्रांसकट, तेव्हा त्यांनाही विमानाने पाठवणार की ठेवून घेणार? लष्कराचे होते म्हणून परत द्यायला पलीकडे कुणी तरी होतं. यांना कुणाकडे देणार? याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर कुंपणाचा आग्रह मी सोडून देतो. नसेल तर कुंपण लवकर होऊ द्या.

---

खाडीकिनारा

शस्त्रं काढून घ्यायची, सीमेपासून दूर आतल्या जिल्ह्यात ठेवायचं, नोंद करायची. बोटांचे ठसे घ्यायला मिझोरामने २०२३ मध्ये नकार दिला होता, २०२५ मध्ये ते काम सुरू केलं, म्हणजे यंत्रणा उभी राहू शकते. लष्कराच्या सैनिकांनाही हेच करता आलं असतं. परत देणं सोपं होतं म्हणून दिलं.

कुंपणाचं म्हणाल तर तियाऊवर ते घालणार कुठे? नदी हीच सीमा आहे, पात्रात खांब रोवता येत नाहीत. मग ते अलीकडे काठावर येणार, म्हणजे झोखावथारची काही घरं आणि शेतं कुंपणाबाहेर. त्या लोकांना तुम्ही समजावून या, मी वाशीला शुभाताईंकडून तुमच्यासाठी बिनतेलाचा डबा बांधून घेतो.

---

शुभा_वाशी

डबा मिळेल. कुटलेली मिरची वेगळी बांधीन, ती जपून.